काळ्या मातीत वाळू कालवली तर चालेल का?

प्रश्न: आमची शेती मोहोळकडं आणि अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेलचं छोटं डाइंग युनिट. पुतण्या एमएस्सी केमिस्ट्री करतोय, तो म्हणतो फुगणाऱ्या मातीत सिलिका घातली की रंगाचं पाणी साफ करणारं मटेरियल होतं. वाळू पण सिलिकाच ना, मग घरचीच माती न वाळू कालवली तर? – एक वाचक, सोलापूर

उत्तर: नाही हो, वाळू बाहेरच राहणार, आत शिरणार नाही.

आपली माती पावसात फुगते न मे महिन्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, ते स्मेक्टाइट गटातल्या मिनरलमुळं, त्यातलं नावाजलेलं मॉन्टमोरिलोनाइट. साधारण 1 नॅनोमीटर जाडीचे थर, पापडाच्या चळतीसारखे, मध्ये सोडियम नाहीतर कॅल्शियम, पाणी शिरलं की थर लांब सरकतात, वाळलं की परत चिकटतात. जागा होते पण टिकत नाही, सगळी खटपट ती टिकवायचीच. त्यासाठी आधी लांब शेपटीचा सर्फॅक्टंट, म्हणजे साबणासारखं केमिकल, आत घालायचा, तो सोडियमला हुसकून थर फाकवतो, मग अमाइन (नायट्रोजन असलेलं एक केमिकल) आणि टीईओएस नावाचं सिलिकाचं लिक्विड, त्यातून सर्फॅक्टंटच्या भोवती सिलिका जमते, शेवटी 500-600 डिग्रीला भाजलं की सर्फॅक्टंट जळून जातो न सिलिकाचे खांब उरतात. 1995 मध्ये अमेरिकेतले केमिस्ट पिन्नावाया यांच्या ग्रुपनं हे दाखवलं, ग्रॅमला 500 चौरस मीटरच्या वर पृष्ठभाग! पण महागडा सर्फॅक्टंट शेवटी जाळूनच टाकायचा, हे मला तरी खटकतं.

आता तुमचं पाणी. सुताला सहसा रिअ‍ॅक्टिव्ह डाय, त्याचा चार्ज पाण्यात निगेटिव्ह, मातीच्या थरांचाही निगेटिव्ह, म्हणजे दोघांचं जमायचं अवघडच. मेथिलीन ब्लू नावाचा निळा रंग पॉझिटिव्ह, त्याला साधी मातीसुद्धा गपकन धरते, आणि पुष्कळ प्रयोग त्याच्यावरच होतात, म्हणून पुतण्याला आधी विचारा टेस्ट कुठल्या रंगावर केली. गंमत म्हणजे तुमच्या रंगाला सर्फॅक्टंट न जाळलेली माती जास्त उपयोगी पडेल, सर्फॅक्टंट भरपूर बसला की पृष्ठभाग पॉझिटिव्ह होतो. फक्त तो सुटून पाण्यात उतरतोय का तेही तपासायला लागेल.

शेतातली माती नको, तिच्यात चुनखडी न काय काय असतं, सुरुवातीला कच्छचं बेंटोनाइट, म्हणजे मुख्यतः मॉन्टमोरिलोनाइटचीच माती, आणा. आणि पुतण्याला तुमच्याच टाकीतलं पाणी कॅनमध्ये भरून द्या, त्यातलं मीठपण मोजायला सांगा.