मंत्र्यांनी सभागृहात उत्तर दिलं, मग आता डीम्ड कन्व्हेयन्सचा अर्ज कशाला?

नमस्कार काका,

तुमचं पत्र आणि सोबत जोडलेली प्रश्नोत्तराची झेरॉक्स दोन्ही नीट वाचलं. इतरांनाही उपयोग होईल म्हणून प्रकरण आधी थोडक्यात सांगते. सिंहगड रोडला ४८ फ्लॅटची सोसायटी, भोगवटापत्र २०११ चं, सोसायटी रजिस्टर झाली २०१२ ला, आणि जमिनीचं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर करून देणारा दस्त, बिल्डरने आजपर्यंत दिलेलं नाही. आता मागच्या मोकळ्या जागेत, जिथे तुमचा गणपतीचा मांडव पडतो, तिथे त्याने पत्रे ठोकलेत आणि नवीन बिल्डिंगची बोलणी चालू आहेत. तुम्ही सगळीकडे फिरून दमलात, शेवटी विरोधी पक्षाच्या एका आमदारांनी विधानसभेत तारांकित प्रश्न लावला, त्याला मंत्र्यांचं लेखी उत्तर आलं, आणि कमिटीने ठरवलं की आता सरकारच बघतंय तर डीम्ड कन्व्हेयन्सचा, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय जमीन नावावर करून घेण्याचा, अर्ज थांबवू, वकिलाची फी वाचेल. तुमचं एकट्याचं मन तयार होत नाहीये म्हणून विचारताय.

काका, तुमचं मन बरोबर सांगतंय. अर्ज थांबवू नका.

आधी त्या उत्तराचंच बघू, कारण मजा तिथेच आहे. प्रश्न नेहमीच्या साच्यात आहे, ‘नगरविकास मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय’ आणि खाली एक दोन तीन. उत्तरही साच्यातलं. पहिल्याला ‘अंशतः खरे आहे’, दुसऱ्याला ‘महानगरपालिकेकडून अहवाल मागविण्यात आला असून तपासून पुढील कार्यवाही करण्यात येईल’, तिसऱ्याला ‘प्रश्न उद्भवत नाही’. तुम्ही ‘अंशतः खरे’ला हायलायटर मारून ग्रुपवर टाकलंत, आणि बिल्डरचा माणूस ‘प्रश्न उद्भवत नाही’ दाखवत फिरतोय की बघा मंत्र्यांनीच क्लीन चिट दिली. एकाच कागदावर दोघांनीही पेढे वाटले म्हणायचे!

आता नीट वाचा. आमदारांनी विचारलंय लेआउटमधल्या मोकळ्या जागेबद्दल, म्हणजे रहिवाशांसाठी ठेवलेली ती ओपन स्पेस. उत्तरात शब्द आलाय ‘सुविधा क्षेत्र’. ॲमेनिटी स्पेस आणि ओपन स्पेस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हींचे नियम वेगळे, आणि ॲमेनिटी स्पेसवर नियमात बसणारी बांधकामं होऊ शकतात. म्हणजे तुमच्या प्रश्नाला उत्तर मिळालेलंच नाही, शेजारच्या प्रश्नाला मिळालंय. मुद्दाम केलं की खालच्या टेबलावर कोणी घाईत शब्द बदलला ते मी सांगू शकत नाही, पण कोर्टात तुम्ही हा कागद दिलात तर समोरचा वकील पहिलं बोट इथेच ठेवणार.

आणि समजा उत्तर अगदी शंभर टक्के तुमच्या बाजूचं असतं तरी? तरीही तो आदेश नाही. राज्य सरकारचा निर्णय राज्यपालांच्या नावाने काढावा लागतो, राज्यघटनेचं कलम १६६, आणि सुप्रीम कोर्टाने बच्चित्तर सिंग प्रकरणात १९६२ सालीच सांगून ठेवलंय की मंत्र्याने फाइलवर लिहिलेलं मतसुद्धा रीतसर आदेश निघून संबंधिताला कळवल्याशिवाय सरकारचा निर्णय होत नाही. मग सभागृहातल्या एका ओळीचं काय घेऊन बसलात. जानेवारी २०२३ मध्ये कौशल किशोर प्रकरणात घटनापीठाने असंही म्हटलंय की मंत्री जे बोलतो ते आपोआप सरकारच्या डोक्यावर टाकता येत नाही (ते प्रकरण सभागृहाबाहेरच्या बोलण्याचं होतं, पण दिशा कळते). उलट बाजूचंही सांगते, दिल्लीच्या मुख्यमंत्र्यांनी लॉकडाउनमध्ये भाडेकरूंचं भाडं सरकार भरेल असं पत्रकार परिषदेत सांगितलं होतं, तिथल्या हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींनी जुलै २०२१ मध्ये तो शब्द सरकारवर बंधनकारक धरला, सगळीकडे बातम्या झाल्या, आणि सप्टेंबरमध्ये दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने त्याला स्थगिती दिली. त्या भरवशावर ४८ घरं टांगून ठेवायची का?

मंत्र्यांनी चुकीची माहिती दिली असेल तर कोर्टात जाऊ का, असंही तुम्ही विचारलंय. त्यासाठी नाही. सभागृहाच्या कामकाजात कोर्ट शिरत नाही, कलम २१२. ते काम आमदारांचं, त्यांना विशेषाधिकाराचा मुद्दा (सभागृहाची दिशाभूल झाल्याची तक्रार) काढता येतो किंवा आश्वासन समितीकडे, म्हणजे सभागृहात दिलेली आश्वासनं पाळली का ते बघणाऱ्या समितीकडे, पाठपुरावा करता येतो, कारण ‘कार्यवाही करण्यात येईल’ हे एक प्रकारे आश्वासनच आहे. त्यांना तेवढं पत्र जरूर द्या, ‘सुविधा क्षेत्र’ शब्दावर बोट ठेवून, पुढच्या अधिवेशनात नेमका प्रश्न येऊ दे.

मग त्या प्रश्नाचा काहीच उपयोग नाही का, तर आहे, आणि भरपूर आहे, फक्त तुम्ही समजताय तिथे नाही. सत्तेतल्या आमदाराला मंत्र्याच्या केबिनमध्ये जाता येतं, विरोधी बाकावरच्या माणसाकडे प्रश्न, लक्षवेधी अशीच हत्यारं असतात, पण ही हत्यारं ऑफिसमध्ये फार लागतात हो. तारांकित प्रश्न आला की मंत्रालयातून महापालिकेला तातडीचं पत्र येतं, विधिमंडळाचं कामकाज म्हणून सगळे खडबडून उठतात, आणि जो इंजिनिअर तुमच्या चार अर्जांना साइटवर फिरकला नाही तो फाइल काढून बसतो. ‘अहवाल मागविण्यात आला आहे’ याचा अर्थ मागवल्याचं पत्र तरी नक्की आहे, आणि बहुतेक उत्तरही गेलं असेल. तो अहवाल, स्थळपाहणी झाली असेल तर तिची टिपणी, मंजूर लेआउटचा नकाशा आणि नवीन बांधकामासाठी काही प्रस्ताव दाखल झालाय का त्याची माहिती, हे सगळं माहिती अधिकारात मागा. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर, नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. नगरविकास विभागाला वेगळा अर्ज आणि महापालिकेला वेगळा, दोन्हीकडे एकच कागद मागायचा, म्हणजे एकाने ‘आढळून येत नाही’ लिहिलं तर दुसऱ्याकडून येतो. त्या उत्तराची फ्रेम करून ऑफिसात लावण्यापेक्षा त्याच्यामागची फाइल हातात असलेली बरी.

आता मुख्य काम. तुमची बिल्डिंग रेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांच्या नोंदणीच्या नव्या कायद्याच्या, आधीची आहे त्यामुळे १९६३ चा मोफा, म्हणजे फ्लॅटच्या मालकीचा महाराष्ट्राचा जुना कायदा, लागू. त्यात सोसायटी रजिस्टर झाल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने कन्व्हेयन्स द्यायचं असतं, तुमचे चार महिने कधीचे उलटून गेलेत. कलम ११ खाली जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा (डीम्ड कन्व्हेयन्सचंच हे मराठी नाव) अर्ज करायचा, बिल्डरला नोटीस जाते, सुनावणी होते, आणि कायद्यात सहा महिन्यांत निकाल द्यायचा असं लिहिलंय (प्रत्यक्षात तारखा पडतात, मी खोटं कशाला सांगू, पण धरून बसलात तर होतं). बिल्डर सही करायला आला नाही तरी चालतं, हाच तर त्यातला मुद्दा आहे. ऑर्डर मिळाली की स्टॅम्पचं ॲडज्युडिकेशन (स्टॅम्प ड्युटी किती ते ठरवून घेणं), मग दस्त नोंदणी, मग प्रॉपर्टी कार्डला किंवा सातबाऱ्याला सोसायटीचं नाव. बरेच जण ऑर्डर मिळाली की पार्टी करतात आणि शेवटचं नाव लावायचं राहतं.

हे झालं जमिनीचं. पत्रे ठोकलेत त्याला वेगळं धावावं लागेल आणि ते जास्त घाईचं आहे. मोफाच्या कलम ७ प्रमाणे जी बिल्डिंग तुम्हाला फ्लॅट विकताना नकाशात आणि करारात स्पष्ट दाखवलेली नव्हती ती नंतर सगळ्या फ्लॅटधारकांच्या संमतीशिवाय घुसवता येत नाही. तुमच्या करारात ‘भावी एफएसआय, टीडीआर वापरण्यास आमची संमती आहे’ (म्हणजे पुढे मिळणारे जादा बांधकामाचे हक्क) असं एक लांबलचक वाक्य असणारच, सगळ्यांच्या असतं, त्याला घाबरू नका. जयंतीलाल इन्व्हेस्टमेंट्स विरुद्ध मधुविहार सोसायटी, सुप्रीम कोर्ट, २००७, त्यात हेच आहे की बिल्डरने पूर्ण प्रकल्प आधी उघड करायला हवा, मोघम कोरी संमती धरता येत नाही. पण हा मुद्दा घेऊन दिवाणी कोर्टात मनाई हुकूम मागायचा तर आत्ता, पाया खोदायच्या आत. स्लॅब पडल्यावर गेलात तर जज पहिलं विचारणार की इतके दिवस काय करत होतात, आणि ‘आम्ही अधिवेशनाची वाट बघत होतो’ हे उत्तर तिथे चालणार नाही. रेराच्या वेबसाइटवरही बघून ठेवा, नवीन बिल्डिंग त्याने स्वतंत्र प्रोजेक्ट म्हणून नोंदवली असेल तर त्याने स्वतःच अपलोड केलेला नकाशा तुम्हाला फुकटात मिळेल.

बिल्डरने दिलेल्या अब्रुनुकसानीच्या केसच्या धमकीबद्दलही तुम्ही लिहिलंय. आमदार सभागृहात जे बोलले त्याबद्दल त्यांच्यावर कुठल्याही कोर्टात केस होत नाही, कलम १९४. पण हे कवच त्यांचं आहे, तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाही. तुम्ही त्यांना कागद दिलेत, तक्रार केलीत, त्यात खोटं काही नसेल आणि चांगल्या हेतूने केलं असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मधले अपवाद तुमच्या मदतीला येतात. प्रश्नोत्तराची प्रत जशीच्या तशी पाठवली त्यातही मला फारसा धोका दिसत नाही. मात्र तिच्यावर कोणीतरी ‘चोर बिल्डर उघडा पडला’ असं लिहून चार ग्रुपवर टाकलंय ते आजच्या आज काढायला सांगा, कोण आहेत ते तुम्हाला माहीत असेलच, प्रत्येक सोसायटीत एक असतातच.

कमिटीला आमदारांच्या सत्काराचा फ्लेक्स लावायचाय म्हणता, तर त्यापेक्षा त्यांना घरी बोलावून चहा पाजा, चौकात विनापरवाना फ्लेक्स लावून स्वतःच नोटीस ओढवून घेऊ नका.

रविवारी जनरल बॉडी आहे ना, त्यात दोन वेगळे ठराव करून घ्या, एक मानीव अभिहस्तांतरणाच्या अर्जाचा आणि एक मनाई दाव्याचा, कोणी सह्या करायच्या ते नावानिशी लिहा. आणि २०११ च्या भोगवटापत्रासोबतचा मंजूर नकाशा शोधा, कोणा ना कोणाच्या होम लोनच्या फाइलमध्ये तो सापडेल.