कन्व्हेन्शनला पहिल्यांदा डेलिगेट म्हणून जाताना

सप्रेम सलाम.

तुझ्या आईने व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं की तुमच्या एपिस्कोपल (म्हणजे अमेरिकेतल्या अँग्लिकन) चर्चने तुला यंदा डायोसीसच्या, म्हणजे एका बिशपच्या हाताखालच्या सगळ्या चर्चेसच्या, कन्व्हेन्शनसाठी डेलिगेट (प्रतिनिधी) निवडलंय, आणि त्याखाली लगेच तुझा मेसेज, "मावशी, दुसरं कोणी उभंच राहिलं नाही म्हणून मी." अगं, निम्मे लोक असेच निवडून येतात. अ‍ॅन्युअल मीटिंगमध्ये कोणीतरी विचारतं कोण जाणार, सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागतात, आणि जो चुकून मान वर करतो तो डेलिगेट. त्यात कमीपणा काही नाही. पण एकदा नाव गेलं ना की ते मत तुझं. तुमच्या रेक्टरचं (मुख्य पाळकाचं) नाही, व्हेस्ट्रीचं (चर्चच्या कारभारी मंडळाचं) नाही, "आमच्या चर्चचं म्हणणं असं आहे" असं कोणी तुझ्या हातात चिठ्ठी देऊन पाठवू शकत नाही. सगळ्यांचं ऐकून घे, आणि तिथे बसून जे पटेल त्याला मत दे, पद्धत तीच आहे.

आता मुद्द्याचं. कन्व्हेन्शनला लोक वर्षभराने भेटतात, मिठ्या मारतात, स्टॉल लागलेले असतात, बिशपचं भाषण, उपासना, गाणी, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं हे काहीतरी संमेलन आहे. ते नाहीये. कागदावर बघशील तर डायोसीसचे नियम करणारी, पैसे मंजूर करणारी आणि माणसं निवडणारी सभा आहे ती, आणि तिथे सामान्य सभासदाचं मत पाळकाच्या मताइतकंच भरतं. मागणी झाली की मतं वेगवेगळी मोजतात, पाळकांची वेगळी आणि आपली वेगळी, आणि दोन्हीकडे बहुमत मिळालं तरच गोष्ट पास. बिशपच्या निवडणुकीत तर मागायची पण गरज नाही, एकाच फेरीत दोन्ही गटांचं बहुमत लागतंच, म्हणून त्या निवडणुका फेऱ्यांवर फेऱ्या चालतात. म्हणजे सगळे पाळक एका बाजूला झाले तरी तुम्ही लोक अडवू शकता. आपल्याकडे पाळकसाहेब म्हणाले की विषय संपला अशा घरांत वाढलेल्यांना हे पचायला वेळ लागतो, मलाही लागला.

माझं ऐकणार असशील तर एकच ऐक, माईकच्या मागे लागू नकोस, बजेटच्या मागे लाग.

काही आठवडे आधी तुला भलीमोठी पीडीएफ येईल. ती फोनवर वाचू नकोस, लॅपटॉपवर उघड आणि बजेटचं पान प्रिंट काढ. मागच्या वर्षीचा कॉलम आणि पुढच्या वर्षीचा कॉलम शेजारी शेजारी असतात. कुठली ओळ वाढली ते सगळेच बघतात, तू बघ कुठली घटली. लहान चर्चेसना मदत घटली का, कॉलेज कॅम्पसवरच्या पाळकांची ओळ घटली का, की दोन ओळी एकत्र करून तिसरंच नाव दिलंय म्हणून घट दिसतच नाही (हे फार होतं, आणि दर वेळी वाईट हेतूनेच होतं असं नाही). मग उत्पन्नाकडे ये. चर्चेसकडून येणारी असेसमेंट, म्हणजे त्यांचा ठरलेला वाटा, किती, आणि जुन्या ठेवींमधून दरवर्षी किती टक्के काढतायत आणि तो टक्का हळूच वाढलाय का. खर्चात एक मोठी ओळ राष्ट्रीय चर्चला जाते, ठरावीक रक्कम वगळून डायोसीसच्या उत्पन्नाचे १५ टक्के, आणि २०१९ पासून ते बंधनकारक आहे, तेव्हा त्यावर भांडून उपयोग नाही.

आणि प्रश्न आधी विचार. कन्व्हेन्शनच्या आधी डीनरीच्या (आसपासच्या चर्चेसच्या गटाच्या) मीटिंगा होतात, ऑनलाइन पण होतात, तिथे ट्रेझरर स्वतः बसलेला असतो आणि त्याला खरंच कोणीतरी विचारावं असं वाटत असतं. हॉलमध्ये बजेट येतं ते बहुतेकदा जेवणानंतर, सगळे पेंगुळलेले, कोणीतरी अनुमोदन देतो, "हो" म्हणणाऱ्यांनी हो म्हणा, झालं, पास. जगातल्या कुठल्याशा युद्धावरच्या ठरावातल्या स्वल्पविरामावर पाऊण तास आणि आपल्याच पैशांवर पाच मिनिटं, हे बघून माझं डोकं फिरतं, अजूनही.

ठराव बिनकामाचे असतात असं म्हणत नाहीये मी. आपल्याच मॅसॅच्युसेट्स डायोसीसने २०२२ च्या कन्व्हेन्शनमध्ये गुलामगिरीतून आलेल्या संपत्तीची भरपाई म्हणून निधी उभारायचं ठरवलं, ११ मिलियन डॉलरच्या घरात, ठेवींमधून. तो पण ठरावच. फरक कुठे आहे बघ, त्यात पैसे कुठून येणार ते होतं, कोण बघणार ते होतं, आणि त्याच्या आधी लोकांनी दीर्घकाळ कागद उकरले होते. ठराव हातात आला की एवढंच शोध, हे करणार कोण, कधीपर्यंत, कुठल्या पैशाने. तिन्ही उत्तरं नसतील तर तो ठराव म्हणजे आपल्याला बरं वाटावं म्हणून केलेली गोष्ट. मत द्यायचं तर दे बापडी, पण त्यावर रात्र जागवू नकोस.

निवडणुकांचं सांगते. बॅलटवर खूप नावं असतील, जनरल कन्व्हेन्शनसाठीचे डेप्युटी असतील (ते राष्ट्रीय अधिवेशन, दर तीन वर्षांनी होतं, २०२४ मध्ये लुईव्हिलला झालं, प्रत्येक डायोसीसमधून चार पाळक आणि चार सामान्य सभासद जातात), शिस्तपालन बोर्ड असेल, आणि एक असेल स्टँडिंग कमिटी. हे नाव वाचून लोक पुढे सरकतात. तू पुण्याच्या घरातली आहेस, महापालिकेची स्थायी समिती कोणाच्या हातात आहे यावर आपल्याकडे रिक्षावाला पण बोलतो, मग इथे का दुर्लक्ष? चर्चची जमीन विकायची किंवा गहाण टाकायची तर या कमिटीची संमती लागते. कोणाला पाळक म्हणून दीक्षा द्यायची त्यात यांची सही. बिशप नसला तर डायोसीसचा कारभार यांच्याकडे. आणि देशात कुठेही बिशप निवडला गेला तरी बाकी डायोसीसच्या स्टँडिंग कमिट्यांचं बहुमत आणि बिशपांचं बहुमत, दोन्ही १२० दिवसांत मिळावं लागतं, नाहीतर निवड रद्द.

फ्लोरिडाचं प्रकरण कधीतरी सवडीने वाच. २०२२ च्या मे महिन्यात तिथल्या डायोसीसने बिशप निवडला. पाळकांचा कोरम (किमान हजेरी) भरत नाही असं दिसल्यावर ऐनवेळी पाळकांना झूमवरून मत द्यायची मुभा दिली, आणि नंतर काही डेलिगेट्सनी हरकत घेतली की हे आपल्या कॅनन्समध्ये, म्हणजे चर्चच्या नियमांत, बसत नाही. बघ हं, हरकत उमेदवारावर नव्हती, कोरमवर होती, ज्या विषयावर आपण सगळे जांभया देतो त्यावर. ती चर्चच्या कोर्टापर्यंत गेली आणि कोर्टाने ती उचलून धरली. निवडून आलेल्या पाळकांनी ती निवड सोडली, नोव्हेंबरात परत निवडणूक झाली, तेच परत निवडून आले, परत हरकत आली, या वेळी कोणाला मतदानात घेतलं आणि कोणाला बाहेर ठेवलं यावर, आणि २०२३ च्या जुलैपर्यंत देशभरातून लागणारी संमती काही मिळाली नाही. एवढ्या लोकांचं वर्षाहून जास्त गेलं. सकाळी रजिस्ट्रेशनच्या टेबलावर कोण आलं कोण नाही ते मोजत बसलेल्या बायकांना लोक चहाकॉफीवाल्या समजतात, त्या दिवसाचं सगळ्यात महत्त्वाचं काम त्या करत असतात.

उलटंही होतं म्हणा. १९८८ मध्ये आपल्या मॅसॅच्युसेट्स डायोसीसने बार्बरा हॅरिसना सफ्रगन (सहायक) बिशप निवडलं. कृष्णवर्णीय बाई, आधी तेल कंपनीत पब्लिक रिलेशन्सचं काम केलेली, पाळक होऊन जेमतेम आठ वर्षं झालेली. तोपर्यंत अख्ख्या अँग्लिकन जगात बाई बिशप झालीच नव्हती. देशभरात आरडाओरडा झाला, पण स्टँडिंग कमिट्यांनी आणि बिशपांनी संमती दिली आणि ११ फेब्रुवारी १९८९ ला बॉस्टनमध्ये त्यांचा अभिषेक झाला. त्या कमिट्यांमध्ये कोण होतं? कधीतरी कुठल्यातरी कंटाळवाण्या दुपारी बॅलटवर ज्यांच्या नावापुढे कोणीतरी खूण केली होती ते लोक.

बोलायची वेळ आलीच तर, कारण तू गप्प बसशील असं मला वाटत नाही. माईकपाशी रांग असते, बहुतेक दोन मिनिटं मिळतात, नाव सांगायचं, चर्चचं नाव सांगायचं, बाजूने की विरोधात ते पहिल्याच वाक्यात सांगायचं. "मी या डायोसीसमध्ये इतकी वर्षं आहे" असली प्रस्तावना नको, ती सगळ्यांची असते. तुझ्या आधी कोणी तेच बोललं असेल तर रांगेतून बाहेर ये, लोक मनातल्या मनात आशीर्वाद देतात. आणि रॉबर्टस रूल्स (सभा कशी चालवायची त्याचे नियम) थोडे वाचून ठेव, आपल्या नियमांत जिथे उत्तर नसतं तिथे बहुतेक डायोसीस तेच वापरतात. गंमत म्हणजे ते नियम लिहिणारा हेन्री रॉबर्ट लष्करात इंजिनियर होता, १८६३ मध्ये इथे न्यू बेडफर्डला एका बाप्टिस्ट चर्चच्या मीटिंगचं अध्यक्षपद गळ्यात पडलं, मीटिंग हाताबाहेर गेली, म्हणून त्याने हा विषय धरला आणि १८७६ मध्ये पुस्तक काढलं. म्हणजे चर्चच्या मीटिंगमध्ये गोंधळ होतो हे काही आपल्या महाराष्ट्रातल्या मंडळ्यांनी शोधून काढलेलं नाही.

तुला एवढं कळलं तरी पुरे, दुरुस्तीवर आधी मत होतं आणि मूळ ठरावावर नंतर. चर्चा बंद करा म्हणणाऱ्याला दोन तृतीयांश लागतात. आपण नक्की कशावर मत देतोय ते कळलं नाही तर हात वर करून विचारायचा तुला हक्क आहे, विचार, तुझ्यामागे पन्नास जण सुटकेचा श्वास सोडतील.

आता ते दुसरं, जे तू लिहिलं नाहीस पण तुझी आई बोलली, की तिथे सगळे पिढ्यान्‌पिढ्यांचे न्यू इंग्लंडवाले, आपण काय बोलणार. हे बघ. केंब्रिजला चार्ल्स नदीच्या काठी जो मठ आहे ना, तुम्ही कन्फर्मेशनच्या वेळी गेला होतात, तो ज्या काउली फादरांचा (अँग्लिकन मठवासी पाळकांचा), त्यांचेच फादर पुण्यात पंच हौदला होते. त्याच पंच हौद मिशनमध्ये १८९० मध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांवर केवढं ग्रामण्य झालं, शाळेत शिकलो आपण, आणि तुझे पणजोबा तिथेच उपासनेला जायचे. पुढे १९७० मध्ये नागपूरला सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झालं, आणि आपल्या सीएनआयची आणि या एपिस्कोपल चर्चची पूर्ण सहभागिता आहे, म्हणजे एकमेकांचे सभासद आणि पाळक दोघं मानतात. तू पाहुणी नाहीस.

आणि ज्यांना खरोखर बाहेर ठेवलं होतं त्यांचंही वाच. न्यूयॉर्कचं सेंट फिलिप्स, कृष्णवर्णीयांचं चर्च, एपिस्कोपलच, त्यांचा पाळक पण एपिस्कोपल, पण डायोसीसच्या कन्व्हेन्शनमध्ये जागा नाही. १८४६ मध्ये त्यांनी अर्ज केला, नाही म्हणाले. जॉन जे म्हणून वकील होता, देशाच्या पहिल्या सरन्यायाधीशांचा नातू, तो दरवर्षी उभा राहून तोच विषय काढायचा आणि दरवर्षी लोक वैतागायचे, शेवटी १८५३ मध्ये त्यांना घेतलं. फिलाडेल्फियाच्या सेंट थॉमसचं तर याहून वाईट, कृष्णवर्णीय पाळक अ‍ॅब्सलम जोन्सचं चर्च, १७९४ मध्ये डायोसीसमध्ये घेतलं तेच या अटीवर की कन्व्हेन्शनमध्ये भाग घ्यायचा नाही, आणि ती अट सुटायला १८६० चं दशक उजाडलं. तुला जी खुर्ची कोणी उभं राहिलं नाही म्हणून मिळाली, त्या खुर्चीसाठी हे.

बाकी किरकोळ. थरांचे कपडे घाल, त्या हॉलमध्ये सकाळी थंडी आणि दुपारी भट्टी असते. चार्जर ने, हल्ली मतदान फोनवर किंवा छोट्या रिमोटवर असतं. जेवणाच्या डब्यात सँडविच आणि एक सफरचंद मिळतं, तेव्हा चिवडा ने, आणि जरा जास्तच ने, शेजारची टेबलं वास काढत येतात आणि ओळखी होतात, मी तर निम्मी माणसं तशीच जोडली आहेत. जेवताना तुमच्याच चर्चच्या लोकांबरोबर बसू नकोस. तीन वाजता लोक गाड्या काढायला लागतात ट्रॅफिक लागेल म्हणून, तू निघू नकोस, नेमक्या तेव्हाच कॅनन्समधल्या दुरुस्त्या येतात आणि अर्ध्या रिकाम्या हॉलमध्ये पास होतात. परत आल्यावर व्हेस्ट्रीला पानभर लिहून दे, कोणी मागणार नाही, तरी दे.

पीडीएफ आली की मला पाठव. रविवारी उपासनेनंतर फोन कर, बजेटचं पान समोर ठेवून बस, आपण ओळीओळीने बघू आणि ट्रेझररला विचारायचे प्रश्न तयार करू. आईला सांग लोणचं पोचलं.

तुझी,
मावशी