वाचकांचे प्रश्न : टेलिफोटो झूम घेताना

या खेपेच्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे : कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या किट लेन्सवर हात बसला, आता लांबचं टिपायचंय, पण खर्चाला मर्यादा आहे. त्यातली काही पत्रं इथे घेते. पहिलं उत्तर लांबलं आहे, कारण तोच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सगळ्यांनीच विचारलाय.

प्रश्न : ताई, माझ्याकडे कॅननचा जुना एपीएस-सी (लहान सेन्सरचा) डीएसएलआर आणि त्याच्याबरोबर आलेली १८-५५ मिमी लेन्स आहे. पक्ष्यांचे फोटो काढायचे आहेत. ७५-३०० आणि ५५-२५० या दोन लेन्स आवाक्यात आहेत. त्यातली ७५-३०० स्वस्तही आहे आणि लांबही पोचते. मग तीच का घेऊ नये? पुन्हा लवकर खर्च करणं मला जमणार नाही.

उत्तर : ५५-२५० घ्या, आणि तीही नावात ‘एसटीएम’ (फोकसची नवी, शांत मोटर) असलेलीच. पुन्हा खर्च जमणार नाही असं तुम्ही लिहिलंत, म्हणून इतकं ठामपणे सांगते.

आधी वरच्या ५० मिलिमीटरचा हिशेब करू. चिमणी साधारण १५ सेंटिमीटरची. ती २० मीटरवर बसली असेल तर ३०० मिमीवर सेन्सरवरची तिची प्रतिमा सव्वादोन मिलिमीटरची होते आणि २५० वर १.९ मिलिमीटरची. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर सुमारे २२ मिलिमीटर रुंद. म्हणजे एका लेन्सने चिमणी फ्रेमच्या रुंदीचा दहावा भाग व्यापते, दुसरीने बारावा. दोन्ही फोटोंत ती लहानच दिसणार आणि दोन्ही तुम्ही क्रॉप करणार. आता तीच २५० मिमी लावून १० मीटरवर जाऊन बसा. चिमणी पावणेचार मिलिमीटरची होते, फ्रेमचा सहावा भाग. लांबी ५० मिमीने वाढली तर पक्षी एक पंचमांशानं मोठा होतो, अंतर निम्मं केलं तर दुप्पट. नवशिक्यांना मी हे पहिल्याच दिवशी कागदावर मांडून दाखवते, कारण दुकानात फक्त मिलिमीटर दिसतात, अंतर दिसत नाही.

आता त्या ५० मिलिमीटरसाठी काय सोडावं लागतं ते बघा. ७५-३०० ची तिसरी आवृत्ती १९९९ सालची. तिच्यात इमेज स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताचा कंप सावरणारी सोय, नाही. फोकसची मोटर जुन्या धाटणीची, आवाज करणारी आणि संथ. फोकस होताना पुढची काच गोल फिरते, त्यामुळे चकाकी कमी करणारा पोलरायझर फिल्टर लावला तर प्रत्येक वेळी तो पुन्हा जुळवावा लागतो. आणि ज्या ३०० मिमीसाठी ती घ्यायची, नेमकी तिथेच ती सगळ्यात मऊ (कमी धारदार) पडते. उजळ आकाशासमोरच्या काळ्या फांदीला जांभळट कड येते. भरपूर उजेड, ट्रायपॉड, एफ ८ (लेन्सचं छिद्र थोडं लहान) आणि २०० मिमीच्या आतली लांबी एवढं जमवलं तर ती चांगलं काम देते. पण पक्षी या चारही अटी क्वचितच पाळतात.

५५-२५० एसटीएम २०१३ ची. वजन फक्त ३७५ ग्रॅम. पुढची काच फिरत नाही, फोकस जवळजवळ आवाज न करता लागतो, आणि ८५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाता येतं. त्यामुळे पक्षी नाही मिळाला तर फुलपाखरावर वेळ सार्थकी लागतो. याच नावाच्या २००७ आणि २०११ च्या आवृत्त्याही बाजारात फिरत असतात. त्यांच्यातही स्टॅबिलायझेशन आहे, पण मोटर जुनी आहे आणि काचांची रचनाही वेगळी. एसटीएम ही तीन अक्षरं लेन्सवर स्वतः वाचा, पावतीवर विसंबू नका.

स्टॅबिलायझेशनबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण ‘मला गरज नाही, माझा हात स्थिर आहे’ असं अनेकांना वाटतं. एपीएस-सी कॅननवर २५० मिमीची चौकट फुल फ्रेमवरच्या (३५ मिमी फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरवरच्या) ४०० मिमीइतकी अरुंद असते. हातात धरून धारदार फोटो हवा तर जुन्या नियमाने (एक भागिले लांबी) शटर किमान १/४०० सेकंद हवं. झाडीतल्या उजेडात एफ ५.६ ला ते सहज मिळत नाही. पण त्याहून मोठी गोष्ट व्ह्यूफाइंडरमध्ये कळते. काठावरच्या काटकीवर खंड्या बसलाय, तुम्ही श्वास रोखलाय, तरी चौकट त्याच्याभोवती थरथरतेय. फोकसचा ठिपका कधी डोळ्यावर, कधी मागच्या पाण्यावर. बटण अर्धं दाबलं की क्षणभरात सगळं जागेवर ठरतं आणि ठिपका डोळ्यावर टिकतो. हलला नाही असा फोटो मिळण्याआधी नेमक्या जागी फोकस मिळतो, हा त्याचा खरा फायदा.

मर्यादाही लक्षात घ्या. स्टॅबिलायझेशन तुमचा हात सावरतं, पक्ष्याची मान सावरत नाही. बसलेल्या लहान पक्ष्यालाही मी १/५०० च्या खाली जात नाही, आणि उडत्याला १/२००० लागतं. त्यासाठी आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ८००, १६०० पर्यंत वाढवायला कचरू नका. थोडा रवाळ पण धारदार फोटो ठेवण्यासारखा असतो. स्वच्छ पण हललेला फोटो कुठल्याच सॉफ्टवेअरने सावरत नाही.

प्रश्न : माझा निकॉन डी३४०० आहे. ‘७०-३००’ नावाच्या चार-पाच लेन्स दिसतात आणि किमतींत बरीच तफावत आहे. यांत फरक काय?

उत्तर : नाव सारखं असलं तरी लेन्स वेगवेगळ्या आहेत, आणि निकॉनमध्ये इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. तुमच्यासाठी योग्य ती एएफ-पी डीएक्स ७०-३०० एफ ४.५-६.३ व्हीआर (व्हीआर म्हणजे निकॉनचं स्टॅबिलायझेशन). २०१६ ची, ४१५ ग्रॅमची, फोकसला झटपट. तिचीच जुळी बहीण व्हीआरशिवाय मिळते. दिसायला अगदी तशीच, किंचित स्वस्त. ती घेऊ नका. दोन्हींच्या अंगावर व्हीआरचं बटण नाही, ते कॅमेऱ्याच्या मेनूतून चालू-बंद होतं, म्हणून नुसतं बटण शोधून फरक कळणार नाही. नावातली ‘व्हीआर’ अक्षरं पाहा.

सगळ्यात स्वस्त दिसते ती जुनी एएफ ७०-३०० जी. तिच्यात मोटरच नाही. ती कॅमेऱ्यातल्या मोटरवर चालते, आणि डी३००० वा डी५००० मालिकेतल्या बॉडींमध्ये (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यांमध्ये) ती मोटर नसते. म्हणजे तुमच्या डी३४०० वर ती लागेल, पण फोकस प्रत्येक वेळी हाताने करावा लागेल.

उलटी अडचण जुन्या बॉडीवाल्यांची. डी९० किंवा डी३००० असेल तर एएफ-पी लेन्स घेऊ नका. तिचा हाताचा फोकसही विजेवर चालतो, त्यामुळे या बॉडींवर ना आपोआप फोकस होतो ना हाताने. अशांनी २००६ ची एएफ-एस ७०-३०० व्हीआर सेकंडहँड शोधावी. वजन ७४५ ग्रॅम आहे, पण फुल फ्रेमसाठी बनलेली भरवशाची लेन्स आहे.

प्रश्न : २०० मिमीची लेन्स घेऊन त्यावर टेलिकन्व्हर्टर लावला तर स्वस्तात ४०० होईल ना?

उत्तर : नाही. लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारा, लांबी दुप्पट करणारा कन्व्हर्टर दोन स्टॉप उजेड खातो, म्हणजे चौथा हिस्साच उजेड उरतो. एफ ५.६ ची लेन्स एफ ११ होते, आणि बहुतेक स्वस्त डीएसएलआरना एफ ५.६ च्या पलीकडे नीट फोकस करता येत नाही. शिवाय कंपन्यांचे स्वतःचे कन्व्हर्टर या हलक्या झूमवर बसतच नाहीत. तेच पैसे बाजूला ठेवा.

प्रश्न : सेकंडहँड लेन्स घेताना नेमकं काय बघायचं? मला काचेतलं काही कळत नाही.

उत्तर : कळेल. सोबत मोबाइलचा टॉर्च आणि तुमची स्वतःची बॉडी न्या.

लेन्सची दोन्ही झाकणं काढा. मागच्या बाजूने टॉर्च तिरपा धरा आणि पुढून आत बघा, मग उलट करा. धुळीचे चार-दोन कण दिसतील, त्यांनी फोटोत काही फरक पडत नाही. बुरशी मात्र वेगळी दिसते : काठापासून आत सरकणारे बारीक धागे, कोळ्याच्या जाळ्यासारखे फुटलेले. ती असेल तर किंमत कितीही उतरली तरी लेन्स परत द्या. काच पुसून बुरशी निघाली तरी तिने खाल्लेलं काचेवरचं लेपन परत येत नाही. पूर्ण काचेवर एकसारखं धुकट दुधी पटल दिसलं तर तेही नको. उजेडासमोरच्या फोटोंचा रंगच त्यानं उतरतो. पुढच्या काचेवरचा एखादा ओरखडा मात्र मला फारसा खुपत नाही. मागच्या काचेवरचा खुपतो, कारण तो सेन्सरच्या जवळ असतो.

मग लेन्स स्वतःच्या बॉडीवर लावा. झूमच्या दोन्ही टोकांना, जवळच्या आणि लांबच्या वस्तूंवर फोकस करून बघा. तो अडखळून मागेपुढे होतोय का? स्टॅबिलायझेशन चालू झाल्यावर कान लेन्सजवळ न्या. हलकी घरघर ठीक, पण खटखट आणि चौकटीची उडी ठीक नाही. झूमचं कडं फिरवताना मध्येच जड लागलं तर लेन्स कधीतरी पडलेली असू शकते. कडेचा प्लास्टिकचा भाग आणि फिल्टरचे आटे चेपलेत का, तेही बघा.

घरी आणल्यावर ती कायम बंद बॅगेत ठेवू नका. हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवा, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहू द्या. आणि वापरत राहा. अंधारात पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी लवकर धरते.

प्रश्न : महिन्यापूर्वी ५५-२५० घेतली. लांबच्या टोकाला एकही फोटो धारदार येत नाही. लेन्स खराब निघाली का?

उत्तर : असेलही, पण आधी तिला निर्दोष मानून तपासा. पुढे यूव्ही फिल्टर लावलाय का? स्वस्त फिल्टरची काच १८-५५ वर खपून जाते, टेलिफोटोवर ती कडा दुहेरी करून टाकते. तो काढा आणि काचेच्या रक्षणासाठी लेन्स हूड लावा. दुसरं म्हणजे फोटो कधी काढलेत? भर दुपारी तापलेल्या जमिनीवरून शंभर मीटर लांबचं काही टिपलंत, तर मधली हवाच उकळत असते. कितीही महागडी लेन्स त्यापुढे हरते. सकाळी तोच फोटो पुन्हा काढा.

तरी शंका उरली तर छापील मजकुराचा कागद भिंतीवर सपाट चिकटवा, कॅमेरा ट्रायपॉडवर, स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर. २५० मिमीवर एफ ५.६ आणि एफ ८ असे दोन्ही फोटो आधी लाइव्ह व्ह्यूने (मागच्या पडद्यावर बघून), मग व्ह्यूफाइंडरने फोकस करून काढा. लाइव्ह व्ह्यूचे फोटो स्वच्छ आणि व्ह्यूफाइंडरचे मऊ आले तर लेन्स निर्दोष आहे, बॉडी आणि लेन्सचा फोकस जुळवून घ्यावा लागेल. सगळेच मऊ असतील, किंवा एकच बाजू मऊ असेल, तर वॉरंटीत परत करा आणि हे फोटो सोबत जोडा. एफ ८ ला थोडी जास्त धार येणं मात्र साहजिक आहे.

प्रश्न : या लेन्सने चंद्र टिपता येईल का? माझ्या फोटोत नुसता पांढरा ठिपका येतो.

उत्तर : येईल, अगदी छान. २५० मिमीवर चंद्राची प्रतिमा सेन्सरवर सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास पडते, म्हणजे क्रॉप करावा लागेल, पण विवरं दिसतील. पांढरा ठिपका येतो कारण कॅमेरा काळं आकाश पाहून एक्स्पोजर वाढवतो. चंद्रावर ऊन पडलेलं असतं हे त्याला कुठे ठाऊक! मॅन्युअलवर जा. पूर्ण चंद्राला आयएसओ १००, एफ ८, १/२०० पासून सुरुवात करा. अर्ध्या चंद्राला शटर बरंच संथ लागेल, पण सावल्यांमुळे विवरं तेव्हाच उठून दिसतात.

आणि हीच लेन्स सूर्याकडे वळवून डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरला डोळा लावू नका, ग्रहण असलं तरी नाही. लेन्सच्या पुढे सूर्यासाठीचाच खास फिल्टर असेल तरच. डोळा क्षणात कायमचा जाऊ शकतो.