१८६४ च्या आधीचा आयरिश पूर्वज शोधायचा कसा?

प्रश्न : माझ्या आयरिश सासूबाईंचे पणजोबा १८४० च्या सुमारास काउंटी मेयोत जन्मले. त्यांचा जन्मदाखला कुठे मिळेल? (डब्लिनमधील वाचक)

कुठेच नाही, कारण तो निघालाच नव्हता. आयर्लंडमध्ये सरकारी जन्मनोंदणी १ जानेवारी १८६४ ला सुरू झाली. त्याआधी भिस्त चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदीवर. कॅथलिक नोंदवह्या तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये ऑनलाइन, तेही फुकट ठेवल्या. पण त्या पॅरिशवार, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीनुसार आहेत, त्यामुळे नुसतं 'मेयो' माहीत असून भागत नाही. पॅरिश हवी, शक्यतो टाउनलँडही. टाउनलँड म्हणजे तिथला जमिनीचा सगळ्यात लहान विभाग. असे साठ हजारांच्या वर आहेत.

म्हणून आधी पणजोबांचा मृत्यू आणि धाकट्या मुलांचे जन्म शोधा. ते १८६४ नंतरचे असले तर सरकारी नोंदीत ठिकाण सापडेल, मुलांच्या जन्मनोंदीत आईचं माहेरचं आडनावही. मग ग्रिफिथचं मूल्यांकन, म्हणजे करासाठी केलेली घर-जमिनीची पाहणी (१८४७–१८६४), उघडा. कुठल्या टाउनलँडमध्ये घर-जमीन कोणाच्या ताब्यात होती, ते त्यात आहे. बायकामुलांची नावं मात्र नाहीत. एवढं करूनही बाप्तिस्मा हाती लागेलच असं नाही. पश्चिमेकडच्या बऱ्याच पॅरिशांच्या वह्याच उशिरा सुरू होतात.

प्रश्न : जनगणनेत पणजीचं वय १९०१ ला ५८, १९११ ला ७२. खरं कोणतं?

बहुधा दोन्ही नाहीत! जानेवारी १९०९ पासून सत्तरी गाठलेल्यांना सरकारी पेन्शन मिळू लागली आणि गावोगावची माणसं झपाट्याने म्हातारी झाली. दाखला कोणाकडेच नव्हता. ६ जानेवारी १८३९ च्या रात्रीचं भयंकर वादळ आठवतं, असंही लोक पुरावा म्हणून सांगत. मी १९०१ च्या आकड्यावर जास्त विश्वास ठेवतो, पण मागेपुढे पाच वर्षं धरूनच शोधतो.

या पेन्शनचा एक फायदा झाला. वय पडताळायला १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेतून कुटुंबांची माहिती काढली जाई. त्या जनगणनांचे बहुतेक कागद ३० जून १९२२ ला डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातल्या अभिलेखागाराला लागलेल्या आगीत गेले, पडताळणीचे अर्ज मात्र उरले. ते राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर जरूर बघा.

प्रश्न : कुटुंब प्रोटेस्टंट असेल तर?

चर्च ऑफ आयर्लंडच्या निम्म्याहून अधिक नोंदवह्या त्याच आगीत गेल्या. मात्र कॅथलिकेतर विवाहांची सरकारी नोंद १ एप्रिल १८४५ पासूनच आहे, आणि तीत वधूवरांच्या वडिलांची नावं असतात. तिथून सुरुवात करा.

प्रश्न : आमचे एक पूर्वज ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत आयरिश शिपाई होते. (पुण्यातील वाचक)

मग आयर्लंड राहू द्या, आधी लंडनचे कागद बघा. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती तिकडे पाठवल्या जात. त्या ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात 'एन/३' मालिकेत आहेत. कॅथलिक नोंदी मात्र त्यात अपुऱ्या. कंपनीच्या गोऱ्या शिपायांचे लष्करी कागदही याच दप्तरात आहेत. पूर्वज कंपनीच्या नव्हे, तर राणीच्या (ब्रिटिश सरकारी) पलटणीतले निघाले, तर पेन्शनीत निघालेल्यांचे कागद लंडनमधल्या क्यू इथल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात सापडतात, आणि त्यांत बहुतेकदा जन्माची पॅरिश लिहिलेली असते.