सेकंडहँड प्रोफेशनल मॉनिटरला हात लावला की मुंग्या येतात, चित्रात पट्टे सरकतात. नीट कसा लावायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: तुमच्या मंडळाने १७ इंची जुना प्रोफेशनल मॉनिटर घेतला आहे आणि मंडईतली (दिवाळीनंतर गावात भरणाऱ्या जत्रेतली) नाटकं, कीर्तनं त्यावर बघून लाईव्ह सोडता. त्याच्या लोखंडी कडेला हात लागला की मुंग्या येतात, चित्रात आडवे पट्टे हळूहळू वर सरकतात, आणि रंग मोबाईलवर दिसतात तसे दिसत नाहीत.

भाऊ, पट्ट्यांचं आणि रंगांचं नंतर बघू. आधी मुंग्यांचं.

मी भंडारा-गडचिरोली पट्ट्यात सोळा वर्षं शूटिंगची कामं करतो. दिवाळीनंतर मंडई सुरू झाल्या की होळीपर्यंत झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांमागे फिरतो. सगळा सेटअप बांधीतल्या (धानाच्या शेतातल्या) मंडपात, बिछायतवाल्याने (मंडप-दिवे भाड्याने देणाऱ्याने) ओढलेल्या वायरवर चालतो. तुमच्याकडेही तसंच असणार असं धरून लिहितो.

मॉनिटरच्या आत एसएमपीएस, म्हणजे वीज बदलून देणारा पॉवर सप्लाय, असतो. त्यात विजेतला गोंगाट गाळायला दोन बारीक कपॅसिटर बसवलेले असतात, एक फेजपासून बॉडीला आणि एक न्यूट्रलपासून बॉडीला. अर्थिंग लागलेलं असलं की त्यातून येणारी किंचित गळती जमिनीत निघून जाते. अर्थिंग नसलं की बॉडी २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास जाऊन बसते. करंट मिलीअँपिअरच्याही आतला असतो, म्हणून नुसत्या मुंग्या येतात. त्या मुंग्यांनी माणूस मरत नाही हे खरं. पण त्या सांगतात की तुमच्या मॉनिटरला अर्थिंग नाही. उद्या आत कुठे फेजची वायर सोलून बॉडीला टेकली, तर फ्यूज उडणार नाही, एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) पडणार नाही, आणि ती लोखंडी कड पूर्ण २३० व्होल्टवर तुमची वाट बघत राहील.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझा भाचा माझ्यासोबत काम करायचा. दोन-तीन नाटकांपासून म्हणत होता, "मामा, याले हात लावला का मुंग्या येते." बोर्डात दोन पिनांची सॉकेट होती म्हणून प्लगची अर्थची पिन मीच कापली होती. मी म्हटलं, होते तसं. एका रात्री दोनच्या सुमाराला दुसरा अंक चालू होता. खाली अंथरलेली तणस (धानाचा पेंढा) ओसाने (दवाने) भिजली होती, पोरगा अनवाणी होता. एका हाताने त्याने मॉनिटर वळवला आणि दुसऱ्या हाताने मंडपाचा पाईप धरला. त्याचा आवाजच निघाला नाही, नुसते खांदे वर गेले. बाजूच्या साउंडवाल्याने बोर्डाची मेन वायर ओढली म्हणून तो वाचला. दिवसा बघितलं तर मॉनिटरच्या मागे पॉवर कॉर्ड रॅकच्या नटाखाली दाबली गेली होती आणि फेजचं तांबं उघडं पडून पत्र्याला लागलं होतं. दोन दिवस त्याच्या बोटांना नीट कळत नव्हतं. त्यानंतर तीन पिनांचा धड प्लग आणि खरं अर्थिंग नसेल तर मी मॉनिटर चालू करत नाही. आयोजक कितीही म्हणो, "अर्थिंग कायले पायजे जी, टीव्हीच त हाय."

आता तुम्ही काय करायचं ते सांगतो. सॉकेटला तिसरं भोक आहे म्हणजे अर्थिंग आहे असं समजू नका. मंडपाच्या बोर्डात ते भोक बहुतेक वेळा मागून मोकळंच असतं. गावातल्या वायरमनला बोलवा आणि मल्टिमीटरने तीन मापं घ्यायला लावा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळजवळ तेवढंच आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत असायला हवं. पण मल्टिमीटरला केसाएवढी वायर जोडलेली असली तरी तो २३० दाखवतो. म्हणून वायरमनकडून फेज आणि अर्थमध्ये शंभर वॅटचा साधा बल्ब लावून बघा. तो झगझगीत पेटला तर त्या अर्थात काही दम आहे. मिणमिणला तर अर्थिंग नावालाच आहे. ही चाचणी आरसीसीबीच्या (गळती झाली की वीज तोडणाऱ्या स्विचच्या) आधीच्या बाजूला करावी लागते, नंतर केली तर आरसीसीबी लगेच पडेल. आणि हे काम वायरमननेच करायचं. अर्थ कच्चा असेल तर त्या क्षणी अर्थचा रॉडसुद्धा अंगावर येतो.

रॉड ठोकायचा तर ओल्या जागी ठोका. आपल्याकडे धान निघाल्यावर बांधीत डिसेंबरपर्यंत ओल असते, तिथे सोपं जातं. उन्हाळ्यात जमीन कडक होते, भेगा पडतात, तेव्हा रॉडभोवती पाणी ओतत राहावं लागतं. मंडपाच्या पाईपाला किंवा हातपंपाला अर्थ बांधू नका. त्या पाईपाला पोरं लटकतात, हातपंपावर बाया पाणी भरतात.

यासोबत ३० मिलीअँपिअरचा एक आरसीसीबी तुमच्या स्वतःच्या बोर्डात बसवून घ्या आणि दर कार्यक्रमाआधी त्याचं टेस्टचं बटण दाबून बघा. जनरेटरवर असाल तर त्याचा न्यूट्रल जमिनीला जोडलेला आहे का ते विचारा. न्यूट्रल मोकळा असेल तर फेज बॉडीला लागूनही आरसीसीबी पडणार नाही.

व्होल्टेजबद्दल आपल्याकडे एक गैरसमज आहे. लोक कमी व्होल्टेजला घाबरतात, कारण कृषिपंप सुरू झाले की बल्ब पिवळा पडतो. मॉनिटरच्या पाठीवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर १६० व्होल्टवर तो निवांत चालतो, स्टॅबिलायझरची गरज नाही. त्याला मारतं ते जास्त व्होल्टेज. थ्री फेजच्या लायनीत न्यूट्रल ढिला झाला किंवा तुटला की एका फेजवरचे बल्ब मंद होतात, दुसऱ्यावरचे भगभगतात आणि तिथे व्होल्टेज चारशेच्या दिशेने चढतं. मंडपातले थोडे दिवे अचानक पांढरेफेक झाले तर विचार करत बसू नका, प्लग ओढा. व्होल्टेज वाढलं की लाईन तोडणारा प्रोटेक्टर बाजारात मिळतो, तो घ्या.

आता पट्टे. सगळ्यात आधी बघा, रेकॉर्डिंगमध्येही ते दिसतात का? दिसत असतील तर मॉनिटरचा दोष नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. कॅमेरा ३० फ्रेम आणि १/६० शटरवर असेल तर हिशेब जुळत नाही आणि पट्टे सरकू लागतात. कॅमेरा २५ फ्रेमवर घ्या, शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. बहुतेक वेळा तिथेच संपतं. जनरेटर मात्र ५० वर स्थिर राहत नाही, लोड बदलला की थोडा वर-खाली होतो, तेव्हा शटर जरासं पुढे-मागे करून बघावं लागतं.

पट्टे फक्त मॉनिटरवर दिसत असतील आणि जोडणी जुन्या पिवळ्या कंपोझिट वायरने असेल, तर तो अर्थचा फेरा आहे. कॅमेऱ्याचा अडॅप्टर स्टेजच्या बोर्डावर, मॉनिटर दुसऱ्या टोकाच्या बोर्डावर, आणि दोघांमधला फरक तुमच्या केबलच्या जाळीतून वाहतो. हेडफोनमध्ये घूंऽऽ येते तीही बहुधा यातूनच. उपाय एकच, दोन्ही गोष्टी एकाच बोर्डावरून चालवा, नाहीतर कॅमेरा बॅटरीवर घ्या. पुष्कळ जण अर्थची पिन कापतात, घूं थांबते आणि सगळे खूश होतात. माझ्या भाच्याच्या बाबतीत काय झालं ते वर लिहिलंच आहे.

मॉनिटरला एसडीआय (डिजिटल व्हिडिओची जोडणी) असेल तर तेच वापरा. त्याचा बीएनसी प्लग फिरवून अडकतो, कोणाचा पाय अडकला म्हणून निघत नाही. केबल ७५ ओहमची हवी. वॉकीटॉकीची ५० ओहमची केबल दिसायला तशीच असते, ती घेऊ नका. एचडी एसडीआयला सेकंदाला १.४८५ गिगाबिट आणि थ्रीजी एसडीआयला (मोबाईलचं थ्रीजी नव्हे) २.९७ गिगाबिट वाहून न्यायचे असतात, त्यामुळे थ्रीजीला तीच केबल कमी अंतर पुरते. एसडीआयचं चित्र हळूहळू खराब होत नाही. शेवटच्या क्षणापर्यंत स्वच्छ असतं, मग चमकते ठिपके येतात आणि पाठोपाठ काळोख. ठिपके दिसले की केबल बदलायची वेळ झाली. जोडताना आधी दोन्ही यंत्रांना पॉवर द्या, मग एसडीआय लावा. काढताना उलट, आधी एसडीआय. एकदा घाईत उलटं केलं आणि कॅमेऱ्याचं एसडीआय आउट कायमचं गेलं.

रंगांचं म्हणाल तर मोबाईलशी जुळवायच्या भानगडीत पडू नका. मोबाईल चित्र भडक करून दाखवतो. मॉनिटर अर्धा तास तापू द्या. मेन्यूत रेक ७०९ (एचडी चित्राच्या रंगांचं ठरलेलं माप), कलर टेम्परेचर ६५०० केल्विन, गॅमा २.४ ठेवा. मग कॅमेऱ्यातून कलर बार (ठरलेल्या रंगांच्या पट्ट्या) सोडा. बारमध्ये खाली काळ्याच्या तीन बारीक पट्ट्या असतील तर ब्राइटनेस असा लावा की काळ्याहून काळी पट्टी काळ्यात मिसळून जाईल आणि किंचित उजळ असलेली जेमतेम दिसेल. ब्लू ओन्लीचं (फक्त निळा भाग दाखवणारं) बटण असेल तर ते दाबा, चित्र एकाच रंगाचं होईल. उजळ दिसणारे सगळे बार सारखे होईपर्यंत क्रोमा (रंगाचा गडदपणा) फिरवा. हे करताना मॉनिटरवर मंडपाची लाल-हिरवी माळ पडू देऊ नका. काळ्या पुठ्ठ्याचं छप्पर केलं तरी चालतं. नाटकातले लाल-निळे फोकस नटाच्या तोंडावर पडले की चेहरा सपाट होतो, तेव्हा डोळ्यांपेक्षा वेव्हफॉर्मवर (चित्रातल्या उजेडाच्या आलेखावर) जास्त भरवसा ठेवा. झाडीपट्टी रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. आपण जे टिपून ठेवतो ते उद्या कोणी जपून बघेल, म्हणून एवढी खटपट.

आवाजासाठी मिक्सरवाल्याकडून १ किलोहर्ट्झचा टोन घ्या आणि मॉनिटरच्या मीटरवर तो उणे १८ किंवा उणे २० डीबीवर बसवा. दोन्ही चालतात, मंडळाने एकच ठरवा. मिक्सरची लाईन कॅमेऱ्यात माईकच्या इनपुटला गेली तर आवाज फाटतो, तेव्हा लाईनवर करा आणि माईकला जाणारे ४८ व्होल्ट बंद ठेवा. मॉनिटरचा स्पीकर आवाज येतोय की नाही एवढंच सांगतो, बाकी सगळं हेडफोनवर ऐका. हेडफोन कानाला लावण्याआधी व्हॉल्यूम शून्यावर आणा.

जागेचं एक-दोन शब्दांत. मॉनिटर तणशीवर ठेवू नका, मागच्या जाळीमागे वीतभर मोकळं सोडा, आणि थंडी आहे म्हणून चालू मॉनिटरवर शाल टाकू नका. बरेच मॉनिटर ४० अंशांपर्यंतच चालवायचे असतात आणि चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळे उन्हाळी लग्नांत कूलरच्या बाजूला, पण पाण्याच्या तुषारापासून दूर जागा घ्या. पहाटे ओसात थंड झालेला मॉनिटर घरात नेला की लगेच पिशवी उघडू नका. दोन तास बंदच राहू द्या, नाहीतर आत पाणी धरतं. आभाळ गरजायला लागलं तर प्लगसोबत एसडीआय केबलही काढा. आणि मागचं झाकण स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टपर्यंत साठून असतात.

वायरमन येईपर्यंत कार्यक्रम असेलच तर एक मार्ग आहे. तुमच्या मॉनिटरला मागे चार पिनांचं गोल डीसी इनपुट असेल तर तो १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालवा. पिन १ ला निगेटिव्ह, पिन ४ ला पॉझिटिव्ह, मधे फ्यूज. जोडण्याआधी मीटरने उलटसुलट तपासून घ्या. सुरू असलेल्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून घेऊ नका. कॅमेराही बॅटरीवरच ठेवा, नाहीतर केबलच्या जाळीतून मुंग्या परत येतील. मल्टिमीटरची ती तीन मापं घेतली की आकडे इथेच खाली लिहा आणि मॉनिटरच्या पाठीवरच्या लेबलचा फोटोही टाका. मी रोज रात्री नाटक सुटल्यावर बघतो.