बाई, हे तपासणार का?

प्रश्न : ताई नमस्कार. मी पुण्यात सिंहगड रोडकडच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीला मराठी शिकवते. परवा मुलांना म्हटलं, पावसाबद्दल मनातलं लिहा, गाईड बघायचं नाही. ५२ वह्या आल्या आणि जवळजवळ सगळ्यांत मन मोरासारखं नाचतंय, बळीराजा सुखावतोय. एका मुलीनं मात्र एवढंच लिहिलं, "मला पाऊस आवडत नाही. धरनातून पानी सोडल की आमच्या खोलीत येत मग मी आनि आई खाटेवर बसुन राहतो." मी १० पैकी ३ दिले, दोनच ओळी आणि त्यात एवढ्या चुका म्हणून, पण तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. मुलांनी मोकळं लिहावं म्हणून काय करू? शुद्धलेखन सोडून द्यायचं का? पालक काय म्हणतील?

उत्तर : बाई, आधी त्या ३ मार्कांचं बघा. उद्या तिला बाजूला बोलवा आणि सांगा, मार्क देताना माझं चुकलं, तुझ्या दोन ओळी वाचल्या आणि मला तुमची खोली दिसली. बास. वर्गात वाचून दाखवू नका, कौतुकानंसुद्धा नको, कारण घरात पाणी येतं हे शेजारच्या बाकावर कळावं असं तिला वाटत असेलच असं नाही.

बाकीची ५१ पोरं खोटं लिहितायत असं मला नाही वाटत, ज्याला मार्क मिळतात ते लिहितायत. मीही तेच केलंय. माझे वडील गुलटेकडीच्या मार्केट यार्डात हमाली करायचे, सुट्टीत पहाटे मी त्यांच्याबरोबर गुलटेकडीला जायचे आणि सातवीत 'सुट्टीतील एक दिवस' म्हणून मी तेच लिहिलं, कांद्याची पोती, चहा, वडलांच्या पाठीवरचा घट्टा. वही परत आली तर 'वडलांच्या'भोवती लाल गोळा, असे अजून दहाबारा गोळे आणि खाली 'भाषा सुधारा'. पुढच्या वर्षी मी महाबळेश्वरला गेले असं लिहिलं, जिथं मी कधी गेलेच नव्हते, आणि ८ मार्क मिळाले. वडील माझ्या वहीत परत आले ते थेट कॉलेज संपल्यावर.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की मुलांना एक तरी वही अशी द्या जिच्यात लाल पेन कधीच जाणार नाही. साधी शंभर पानी चालेल. आठवड्यातून दोनदा, तासाच्या सुरुवातीला १० मिनिटं, पेन थांबवायचं नाही, सुचलं नाही तर 'काय लिहू काय लिहू' लिहीत राहायचं, खोडायचं नाही. घरी कन्नड, अहिराणी, हिंदी जे बोलत असतील तेही येऊ दे. तुम्हीपण त्या १० मिनिटांत लिहा, खरंच लिहा, हजेरीपट घेऊन बसू नका, पोरांना लगेच कळतं. पहिल्या दिवशी कोणीतरी विचारणारच, "बाई, हे तपासणार का?" तेव्हा नाही म्हणा आणि तो शब्द वर्षभर पाळा. जे पान तुम्ही वाचू नये असं वाटेल ते दुमडून ठेवायचं. विषय छोटे द्या. घरात सकाळी पहिला आवाज कोणाचा येतो. पीएमपीच्या बसमध्ये उभं असताना काय दिसतं. फक्त आमच्याच घरात वापरतात असा एखादा शब्द.

एक सांभाळा, सगळ्यात मोठं दुःख लिहा असं वर्गात सांगू नका. अमेरिकेत जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग मांडला होता, सलग ४ दिवस रोज १५ मिनिटं मनातलं अवघड लिहायचं. पुढच्या काही महिन्यांत ज्यांनी अनुभव आणि भावना दोन्ही लिहिल्या ती मुलं आजारपणासाठी दवाखान्यात कमी गेली, पण लिहून उठल्या उठल्या त्यांना जास्त उदास वाटत होतं. ती मोठी मुलं होती. आठवीतलं पोर तसं उदास होऊन लगेच गणिताच्या तासाला बसणार, त्याचं कोण बघणार? आणि हेही आधीच सांगून टाका की कोणी तुम्हाला त्रास देतंय असं मला वाचायला मिळालं तर मी गप्प बसणार नाही. लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवणं आपल्याला बंधनकारकच आहे. १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर वर्गात लावून ठेवा.

शुद्धलेखन सोडू नका, ते वेगळ्या तासाला, वेगळ्या वहीत शिकवा. 'पानी' लिहिणाऱ्या मुलीला 'पाणी' शिकवायलाच हवं, नाहीतर उद्या अर्ज लिहिताना अडेल, पण खोलीत पाणी शिरल्याचं ती सांगत असताना नको हो.

पालकांनी विचारलं तर त्यांना आपल्याच पुण्यातली मुक्ता साळवे सांगा. फुल्यांच्या शाळेत शिकणारी, चौदा वर्षांच्या आसपासची मातंग समाजातली मुलगी, १८५५ मध्ये तिचा मांगमहारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. धर्म आमचा नेमका कोणता, असं थेट विचारते ती. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा घरावर छप्परसुद्धा नसतं, थंडीपावसात त्यांचे काय हाल होतात, हेही लिहिते. तिच्यापुढे कुठला गाईड होता? घरावर छप्पर नाही हे तिनं पाहिलं होतं, तेच लिहिलं. तुमच्या वर्गातली मुलगी खाटेवर बसून तेच तर सांगतेय.

आणि जमलं तर तिला एवढं विचारा, खाटेवर बसल्यावर तू आणि आई काय बोलता गं? लिहावंसं वाटलं तर लिहील. नाही लिहिलं तर राहू दे.