पेशंटची चेन गेली आणि आळ नर्सवर आला, तर रजिस्ट्रेशन रद्द होतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बहीण खाजगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे, तिच्या नाईटला पेशंटची सोन्याची चेन गेली. आता व्यवस्थापन म्हणतंय, ‘चूक झाली असं लिहून दे, चेनचे पैसे भर, राजीनामा दे, नाहीतर पोलिसात देतो.’ लिहून दिलं तर निदान रजिस्ट्रेशन तरी वाचेल ना?

उलटं आहे, दादा. नुसता आळ आला म्हणून रजिस्ट्रेशन जात नाही. असा कागद लिहून दिला तर जाऊ शकतं.

मी ३१ वर्षं वॉर्डात काढली, शेवटची ९ इन्चार्ज म्हणून. रजिस्ट्रेशन हॉस्पिटलच्या हातात नसतंच. ते महाराष्ट्र परिचर्या परिषदेचं, म्हणजे राज्यातल्या नर्सेसची नोंदणी ठेवणाऱ्या संस्थेचं, १९६६ च्या कायद्याखालचं. हॉस्पिटल फार तर कामावरून काढेल आणि परिषदेकडे तक्रार करेल. परिषदेला आधी नोटीस द्यावी लागते, बाजू ऐकावी लागते. गैरवर्तन सिद्ध झालं तर ताकीद, काही काळ निलंबन किंवा नोंदवहीतून नावच काढणं, असं काहीही होऊ शकतं. नाव गेलं की नर्स म्हणून कुठेच उभं राहता येत नाही. दुसऱ्या राज्यात जाऊन करू म्हणाल, तर आता नोंदणी देशपातळीवर ऑनलाइन जोडलेली आहे.

आता त्या कागदाबद्दल. पोलिसांपुढे दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. पण मेट्रनच्या (नर्सेसच्या प्रमुखाच्या) केबिनमध्ये रात्री अकरा वाजता रडत रडत लिहिलेलं ‘माझ्याकडून चूक झाली’ हे पत्र कोर्टात येऊ शकतं, परिषदेपुढेही येऊ शकतं. ते दबावाखाली लिहिलं होतं हे नंतर सिद्ध करत बसावं लागतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझ्याच वॉर्डात एका पेशंटची अंगठी गेली होती आणि संशय एका नव्या पोरीवर आला. ‘लिहून दे आणि मोकळी हो, बाई’ असं तिला मीच सांगितलं. मला खरंच वाटलं होतं की मी तिला वाचवतेय. पुढे तिला आखाती देशात नोकरी लागत होती. तिकडची माणसं आधीच्या हॉस्पिटलांना थेट पत्र पाठवून अनुभवाची खात्री करून घेतात. फाइलमधून तेच पत्र निघालं. नोकरी गेली. अंगठी कुणी घेतली ते आजतागायत कळलेलं नाही.

दुसरा सापळा कोर्टातला. साधी चोरी म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३, शिक्षा ३ वर्षांपर्यंत. केस रेंगाळते, तारखांना रजा मिळत नाही, मग कुणीतरी शहाणा सल्ला देतो: ‘गुन्हा कबूल करा, थोडाफार दंड होईल, सुटाल.’ दंड झाला तरी तो दोषसिद्धीच. चोरी हा नैतिक अधःपतनाचा गुन्हा धरला जातो आणि परिषदेला मग वेगळं काही सिद्ध करावं लागत नाही. वाचलेल्या तारखांपायी रजिस्ट्रेशन घालवू नका. घरातल्यांनीही ‘मिटवून टाक एकदाचं’ म्हणून तिच्यामागे लागू नये. हे जरा स्पष्ट लिहिते, कारण बहुतेक वेळा घाई घरच्यांनाच असते.

पोलिसांच्या धमकीने एवढं गळून जाऊ नका. ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात गरज नसताना सरसकट अटक करायची नाही, आधी हजर राहण्याची नोटीस द्यायची, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच अर्नेश कुमार प्रकरणात बजावलंय. नोटीस आली तर मात्र ती टाळू नका, वकील घेऊन जा.

सरकारी दवाखाना असता तर गोष्ट थोडी वेगळी झाली असती: निलंबन, निर्वाह भत्ता, विभागीय चौकशी. तिथे कोर्टातून निर्दोष सुटूनही नोकरी जाऊ शकते, कारण चौकशीला कोर्टाइतका कडक पुरावा लागत नाही.

एक किरकोळ वाटणारी गोष्ट. परिषदेत तिचा पत्ता कोणता आहे? बऱ्याच पोरींचा अजून गावाकडचा किंवा जुन्या होस्टेलचाच असतो. नोटीस तिकडे जाते, उत्तर जात नाही आणि निकाल एकतर्फी लागतो. आजच बदलून घ्या.

आणि तिने खरंच चेन घेतली असेल, तर ते फक्त वकिलाला सांगावं. तुम्हालाही नको.

त्या रात्रीचं ड्युटी रोस्टर आणि ओव्हर बुकातली (ड्युटी बदलताना पुढच्या नर्सला माहिती देण्याच्या वहीतली) तिची नोंद यांची प्रत मागून घ्या. पेशंटला ऑपरेशनला नेलं असेल तर दागिने कुणाच्या ताब्यात दिले त्याची सही कुठेतरी असणारच, ती शोधा. बेडपाशी त्या रात्री मावशी, वॉर्डबॉय, टेक्निशियन, नातेवाईक कोण कोण आलं, ते तिला आठवतंय तोवर वेळेसकट लिहून काढायला सांगा. सीसीटीव्हीचं फुटेज थोड्याच दिवसांत आपोआप पुसलं जातं. ते जपून ठेवावं असं लेखी पत्र हॉस्पिटलला उद्या सकाळी द्या आणि शिक्क्यासकट पोच घ्या.